सावली कुठंय

एकास दोनशेच्या शीटवर
झाड म्हणजे एक वर्तुळ, मध्ये टिंब.
ज्युरीत सरांनी विचारलं, "सावली कुठंय?"

मे महिन्यात घरी आले, सोलापूरला.
विडी घरकुलात चव्वेचाळीस डिग्री.
आई, नरसव्वा, यशोदक्का
मांडीवर सूप घेऊन लिंबाखाली,
तेंदूपान कातरत, तेलुगूत कुणाची तरी
उणीदुणी काढत.
मधूनच, न बोलता,
तिघी हातभर सरकायच्या.

मी खडू घेतला.
दहा वाजता त्यांच्याभोवती रेघ.
बाराला. दोनला. चारला.

आई म्हणाली, "फी भरून हेच शिकवतेत?"

सहाला उठल्या त्या.
फरशीवर कंटूर उरले,
खोडाजवळ दाट, भिंतीकडे विरळ होत गेलेले.

मग आईनं पाणी शिंपडलं अंगणभर,
चारची रेघ तेवढी सोडून.