उसात गेलेला चेंडू

पाटी बसवायला दोघे आले, सरकारी गाडीतून.
निळी पाटी, पांढरी अक्षरं, चार स्क्रू.
नळाच्या भिंतीला ड्रिल लागलं तसा
साठ वर्षांचा चुना भुरूभुरू
माझ्या चपलांवर पडला.

'एल्रिक बूव्हेल
बालपणी या ठिकाणी क्रिकेट खेळले.'

या ठिकाणी म्हणजे नक्की कुठे, ते मला विचारा.
स्टंप म्हणजे रॉकेलचा डबा, इथे, नळापाशी.
बॅट झावळीच्या दांड्याची, माझ्या भावाने तासलेली.
तिकडून, रमच्या दुकानापासून
मी धावत यायचे फ्रॉक कमरेला खोचून,
आणि मिसेस क्लार्क बादली घेऊन निघाल्या
की अख्खी मॅच थांबायची.
आधी पाण्याला वाट, मग बॉलिंगला.

वादाचा नियम एकच.
चेंडू उसात जाऊन सापडला, तर आउट.
नाही सापडला, तर तो बॉल धरायचाच नाही.
नियम कुणी केला? ज्याची बॅटिंग, त्याने.

त्या संध्याकाळी माझा बॉल जरा आखूड पडला.
एल्रिकने असा काही ओढला
की कधी कधी मला तो अजून वरच दिसतो.
ऊस डोक्यावर दोन हात.
आम्ही सात पोरं अंधार पडेपर्यंत पाती चाळत होतो,
हात चरचरत, गोमेच्या भीतीने पाय उचलत.
तो मात्र डब्यापाशीच उभा.
"नॉट आउट," म्हणाला.
रड्या कुठला.

पुढच्या आठवड्यात ब्रिजटाऊनच्या शाळेने त्याला नेलं.
फेब्रुवारीत तोडणी लागली, मोळ्या उचलायला मी.
मुळांपाशी पायाला काहीतरी गोल लागलं:
सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळलेला कॉर्क,
वर माझ्याच दातांनी ओढलेली गाठ.
खिशात टाकला. पुढची मोळी उचलली.

मग इंग्लंड, मग रेडिओ, मग त्याची शतकं.
आई रेडिओपुढे टाळ्या वाजवायची,
मी तांदूळ निवडत बसायचे.

मघाशी फोटोवाल्याने विचारलं,
"आजी, त्यांना ओळखत होतात?"
म्हटलं, त्यांना नाही. त्याला.

गर्दी पांगल्यावर पाटी पुन्हा वाचली.
'खेळले' आदराने लिहिलंय, कळतं मला.
पण माझं मी एकटीने सांगितलं असतं
तरी शब्द तोच आला असता.

चेंडू पर्समध्ये आहे, रुमालाखाली.
ख्रिसमसला येणार आहे म्हणे तो.
दाखवेन.
ठेव म्हणावं आता बॅट खाली.