हरकती व सूचना

नोटीस मीच चिकटवली. खळ पातळ झाली होती.
सर्वे नंबर एकशे बारा, चर्चच्या पूर्वेस,
तळमजला अधिक तीन, गाळे चोवीस.
कुणाची हरकत असल्यास तीस दिवसांच्या आत, लेखी,
सावळापूर नगरपंचायत, आवक-जावक.
ते टेबल माझं.

आठवडाभर कुणी फिरकलं नाही.
मग मार्थाबाई बेठेकर आल्या. कागदावर हळदीचा डाग
आणि एकच ओळ: सकाळी साडेसातला ऊन पाहिजे.
म्हटलं, बाई, कारण लिहा, कलम लिहा काही.
"ऊन आलं का मी घंटा वाजवतो.
वरच्या घड्याळाले काटेच नाहीत, मॅडम.
ऊन हाय थेच घड्याळ."
शिक्का मारला. तीनशे सात.

शलमोन मास्तरांची आठ पानं, टाईप केलेली:
भिंती चुना-गुळाच्या, पाया तीन हात,
शेजारी वीस फूट खोदलं तर
आणि पुढे नुसती रेघ.
शेवटी शिसपेन्सिलीचा नकाशा. चिंचेखाली फुल्या, एक्केचाळीस.
छप्पनच्या दुष्काळातली पोरं.
मिशनच्या वहीत नावं नाहीत. मुलगा, मुलगी, मुलगी, मुलगा.
एकीपुढे लिहिलंय, लंगडत होती.
मी पानं मोजली. परत मोजली.

सूचनाही एक आली.
इम्मानुएल बेठेकर, चर्चात पेटी वाजवतो, मार्थाबाईंचा नातू:
गाळा नंबर सहा मला मिळावा. मोबाईल दुरुस्ती.
पाच वर्षं हायवेवर टपरीत बसतो, धुळीनं स्क्रीन जातात.
देव अंधारातही ऐकतो असं मला आजीनंच शिकवलं आहे.
दोन्ही कागद एकाच टॅगमध्ये ओवले.

गाळा नंबर अकराला माझ्या नवऱ्यानं टोकन दिलंय.
ते कुठल्याच वहीत नाही.

अमरावतीहून साहेब आले, देवळाला एक चक्कर मारली,
म्हणाले, हे वारसा यादीत नाही.
मास्तर म्हणाले, यादी झाली तवा इकडं रस्ता नव्हता.
साहेबांनी पाणी मागितलं.

त्या रविवारी पोरांनी बांबूला बांबू जोडले,
साडेअकरा मीटर, नकाशात होते तितकेच,
मधे कापसाच्या ताडपत्र्या ताणल्या.
वरची गाठ इम्मानुएलनं मारली. त्याच्याइतकं उंच
कुणी चढत नाही.

मी चपला काढून पहिल्यांदाच आत गेले,
शेवटच्या बाकावर बसले.
निळ्या खिडकीत एक तावदान तपकिरी आहे,
कधीतरी औषधाच्या बाटलीची काच बसवलेली.
तिचा डाग रोज सकाळी जिथं पडतो
तिथली फरशी, म्हणे, वेगळी झिजलीय,
पोरं पाय ठेवून ठेवून.
साडेसात झाले. आठ.
मार्थाबाई दोराशी उभ्या.
कुणीतरी खोकलं. बाहेर ताडपत्री फडफडली.
साडेआठनंतर ऊन कडेवरून उतरलं
आणि घंटा झाली.

नानोटे बिल्डर दारातच होते, मनगट बघत.
"तासाभराचाच तर फरक हाय."
यावर सगळ्यांकडे उत्तर होतं,
दिलं कुणीच नाही.

फाईल वर गेली. शेरा घेऊन परतली:
झाडाची जात नमूद नाही.
चिंच, असं मी लिहिलं. परत गेली.

ताडपत्र्या ज्याच्या त्यानं नेल्या, बांबू राहिले.
बुडाशी कुणी दोडक्याची बी टोचली, कळलं नाही.
वेल आता दुसऱ्या मजल्यावर आहे, पिवळी फुलं धरून.
इम्मानुएल परवा टेबलाशी आला,
माझ्या फोनची काच बदलून दिली, पैसे घेईना.
जाताना म्हणाला, "वरचे दोडके कोन काढन, मॅडम?
मलेच चढा लागते."

मी आवक वही ओढली
आणि तारीख तेवढी टाकली.