अनवधानाने

मुदत सोळा तारखेला संपली.
मी एकोणीसला वही उघडली.

मधले तीन दिवस गडहिंग्लजला होते,
धाकट्या नणंदेचं डोहाळजेवण,
पाटावर हिरव्या बांगड्या मोजत.
पण खरं सांगायचं तर तीनच दिवस नव्हेत.
पासपोर्टच्या झेरॉक्सवर लाल पेनानं
मीच लिहिलं होतं: साठ दिवस आधी.
त्या साठ दिवसांचं काय केलं विचारू नका.
ऑडिट होतं. पीएफचं पोर्टल बंद होतं.
झेरॉक्स शिरोलीच्या ऑफिसात
माझ्याच ड्रॉवरमध्ये, तळाशी.

त्याचं नाव सेरदार.
फौंड्रीत पहिल्याच दिवशी सरदार झालं,
आणि त्यानंही ओ दिली.
नवी भट्टी बसवायला आला होता,
ठिणगी बघून कार्बन सांगायचा.
लॅबचा रिपोर्ट मागनं यायचा,
धावत, आणि तेच सांगायचा.

मालक म्हणाले, "गप बसा ओ मॅडम.
कोण बघतंय? पुण्याची ऑर्डर जाऊ दे, मग बघू."
माणूस वाईट नाही, पगार सातला करतो.
पण मी दूधवाल्याच्या घरची.
झाकून ठेवलं म्हणून दूध टिकत नाही,
वास उशिरा येतो, एवढंच.

कँटीनमध्ये त्याला सांगायला गेले.
आवाज फुटेना, तीन बोटं वर केली.
त्याला वाटलं, तीन लॅडल.
"आत्ता? जेवण झाल्यावर ओततो," म्हणाला.
मग माझं तोंड बघून
त्यानं आमटीतला चमचा बाहेर काढून
नीट, आडवा ठेवला.

दुसऱ्या दिवशी कसबा बावडा, पोलिसांचं ऑफिस.
कंपनीचं पत्र, घराचा भाडेकरार,
पांढऱ्या पडद्यापुढचे चार फोटो.
मी रात्रभर फाइल लावली होती,
लग्नाच्या रुखवतासारखी.
हवालदार फोटो बघतो, त्याला बघतो.
"ह्यात मिशी नाही."
"इथं आली," सेरदार म्हणाला, मराठीत.
"कोण्या गावचे?"
"होय, कोन्या," तो आनंदला,
दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी
त्याचं गाव न सांगता ओळखलं होतं.
मी काही बोलले नाही.
तेवढं एक त्याच्याकडं राहू दे.

विलंबाचं कारण: दोन बोटं जागा.
मी लिहिलं, माझी चूक.
साहेब चष्म्यावरनं बघत म्हणाले,
"असं लिहीत नाहीत, ताई.
अनवधानाने, असं लिहा."
लिहिलं. सहा अक्षरं.
शोधलं, पण त्यांच्यात कुठंच
मी सापडले नाही.

"पळाला नाहीत, लपला नाहीत,
आपण होऊन आलात, हे बरं केलंत," ते म्हणाले.
"दंड भरा. मुदतवाढ होईल असं वाटत नाही.
जायची परवानगी काढा,
तिकडनं नवा अर्ज करा."
जायला परवानगी लागते
हे मला नोकरीच्या अकराव्या वर्षी कळलं.
मी तर समजत होते
यायलाच लागते.

परतताना रिक्षात तो काही बोलला नाही.
पंचगंगेच्या पुलावर एवढंच विचारलं,
"नणंदेला मुलगा की मुलगी?"
अजून दोन महिने आहेत, म्हटलं.
"मग मुदत आहे," तो म्हणाला,
आणि आम्ही दोघंही हसलो नाही.

निघायच्या दिवशी गेटवर सगळे.
कुणीतरी शिकवलं होतं, जातो म्हणायचं नसतं.
"येतो," म्हणाला तो, एकेकाला, वॉचमनलासुद्धा.
माझ्यापाशी आल्यावर मात्र थांबला
आणि नुसती तीन बोटं वर केली.
महिने? वर्षं? की चिडवत होता?
विचारायचं राहिलं.

नवा अर्ज गेलाय. पोर्टलवर
'प्रक्रियेत' असं दिसतं, सकाळी, संध्याकाळी.
चीनच्या दोघांची झेरॉक्स आता
ड्रॉवरमध्ये नाही, भिंतीवर आहे,
देवाच्या कॅलेंडरशेजारी. नव्वद दिवस आधी.

आणि भट्टीवर आण्णाप्पा चौगुले
डोळे बारीक करून ठिणगी बघतो,
म्हणतो, कार्बन कमी हाय.
लॅबचा रिपोर्ट मागनं येतो.
कधी जुळतो.