झाकलेली बादली

फ्लोरेन्तिना पाण्यात कोपर बुडवते,
तान्ह्याला न्हाऊ घालण्याआधी बुडवावं तसं.
थर्मामीटर आहे तिच्याकडे, सुतळीला बांधलेला,
पण तो नंतर.

सतरा.
तितिकाकाच्या या कोपऱ्यात सतरा म्हणजे
जवळजवळ ताप.

तीन दिवस वारा नाही.
तोतोराच्या लव्हाळ्याचं पातं हलेना,
पाण्यावर हिरवी साय धरलेली.
दिवसभर ती पाण्याला श्वास देते
आणि रात्री स्वतःच पिऊन टाकते.
पहाटे पाचला तळं सर्वांत गरीब असतं.

पिंजऱ्यात चार हजार ट्राउट.
एरवी बादलीची कडी वाजली तरी
उकळी फुटल्यासारखं उसळतं पाणी.
आज ती मूठभर दाणे टाकते.
दाणे तरंगतात.
एक मासा वर येतो, दाणा तोंडात घेतो,
थुंकतो.
अन्नावरची वासनाच उडालेली.

पाणी ऊन होतं तशी भूक वाढते,
बाराला वाढते, चौदाला आणखी,
मग कुठल्याशा आकड्याशी येऊन
भूकच दमते.
ऊन पाण्याच्या ओंजळीत हवा ठरत नाही.
त्यात ही अडतीसशे मीटरची उंची,
इथे हवा मुळातच मोजकी,
माशालाही, माणसालाही.

विल्बेर घडीचा कागद उघडतो.
कंपनीचा तक्ता: वजनाच्या दीड टक्का, दिवसातून तीनदा.
पंधरा दिवसांवर विक्री.
"मावशी, उपाशी मासा वजन कसं धरणार?"

"खाल्लेलं पचवायलाही श्वास लागतो रे.
काका आठवतात का तुला?"

आठवतात.
वरच्या सोन्याच्या खाणीतून उतरलेले,
दाराशी बसून एकेक श्वास
विहिरीतून ओढावा तसा ओढणारे.
पुढ्यात किनोआचं सार, निवत चाललेलं.
येणारा जाणारा म्हणायचा, खा, दोन घास तरी खा.
ही म्हणायची नाही.
वाडग्यावर ताटली ठेवायची
आणि त्यांच्याजवळ, त्याच पायरीवर, बसायची.

विल्बेर मीटरची तार खाली सोडतो.
आकडा चढतो, अडखळतो,
तीन पॉइंट नऊवर थांबतो.
सहा तरी हवेत.

पलीकडच्या पिंजऱ्यावर आन्सेल्मो
खोऱ्याने ओततोय.
आवाज येतो, दाणे पडल्याचा.
उसळी आल्याचा नाही.

फ्लोरेन्तिना बादलीवर गोणपाट टाकते,
वर दगड.
मग दोघं होडीत बसून राहतात.
विल्बेर तक्त्याची घडी घालतो, उघडतो, पुन्हा घालतो.

उन्हं वर आल्यावर
बोलिव्हियाच्या बाजूला पाण्यावर एक काळी रेघ दिसते.
वारा असेल.
किंवा नुसती ढगाची सावली.
ती काही बोलत नाही,
पुन्हा बाही वर सारते.