निधान

पेन्सिल जाईल एवढ्या दोन भोकांतून
डॉक्टर हणमशेट माझ्या खुब्यात उतरले
आणि आत जे दिसलं त्याचा फोटो
दुसऱ्या दिवशी हातात दिला.

एकोणीस वर्षं मी उद्यमबागेत लेथ चालवतो.
बुश झिजला की नुसत्या आवाजावरून ओळखतो,
केसाएवढा फरक बोटाला लागतो माझ्या.
स्वतःचा खुबा किरकिरत होता तेव्हा मात्र
येळ्ळूरच्या चढावर थांबून
सायकलला तेल दिलं.

फोटोत वाटीच्या काठाची किनार उसवलेली.
सुनंदा म्हणाली, फॉलच सुटलाय की हो.
ती दोऱ्याने टाचून झाली, तीन गाठींत.
पण गोळ्यावरची कुर्चा जिथे पार उडाली होती
तिथे उघड्या हाडाला मुद्दाम टोचे मारले,
रक्त येईपर्यंत.
तेच रक्त गोठून नवा थर धरेल, म्हणाले.
मूळच्यासारखा?
नाही. मूळचा परत येत नाही.
पण चालेल.

सहा आठवडे पाय जमिनीला नुसता टेकवायचा.
वजनकाट्यावर उभं करून दाखवलं, पंधरा किलो,
पुढे काटा जाता कामा नये.
गौतमीला बालवाडीत खांद्यावरून न्यायचो,
तेवढंच वजन, आता माझ्याच पायाला माझं.

व्यायाम घ्यायला गोकाकची शिवलीला येते.
तिला मराठी चार शब्द,
मला कानडी कामापुरतं, म्हणजे मापं आणि शिव्या.
ओंदु, एरडु, मूरु, ती म्हणते,
मी मनात माझे मोजतो
आणि सहाच्या आसपास कधीतरी
दोन्ही मोजण्या एकमेकींत अडकून पडतात.
मग मी घाई करतो.
ती गुडघ्यावर तळवा ठेवते,
निधान, अण्णा, निधान.

पहिल्या दिवशी वाटलं,
आत काहीतरी पुरून ठेवलंय असं सांगतेय.
सावकाश, एवढंच म्हणत होती बिचारी.
तरी मी रात्री
खुब्यावर हात ठेवून झोपतो.

कुबड्या भिंतीला टेकलेल्या. शिफ्ट सुटलेली.
रस्त्यावरून कुणाची तरी सायकल किरकिरत जाते.
कान देऊन ऐकतो.
चेन नव्हे. पेडलचं बेअरिंग.
उद्या कोण आहे ते विचारायला हवं.