ञ

पुण्याच्या फाटकबाई फोनवरून शिकवतात.
पहिल्याच दिवशी विचारलं, स्पॅनिश यायला किती दिवस?
म्हणाल्या, सहाशे तास, नेटानं केलंत तर.

मी टॉवेलच्या कारखान्यात कागदपत्रं बघतो,
भागाकार आपोआप होतो.
रात्री पाऊण तास, नळाचा दिवस सोडून.
आमच्या साखर पेठेत पाणी पाचव्या दिवशी.
म्हणजे एक हजार दिवस.
म्हणजे दोनशे वेळा पाणी.

आई हजार विड्या एका दिवसात वळायची.
घरी तेलुगू, तंबाखूवाल्याशी दक्खनी,
भाजीवालीशी कन्नड, मुकादमाशी मराठी.
तिला कुणी तास विचारले नाहीत.
मुकादम संध्याकाळी बसून वीस-पंचवीस विड्या
छाट म्हणून बाजूला काढायचा.
शब्दांना छाट नव्हती.

आन्तोफागास्ताच्या एलियानाबाई आमचे टॉवेल घेतात.
त्यांचं पत्र फोन मराठीत करून देतो,
पण बाई चिडल्यात की नाही
ते सांगत नाही.
म्हणून हा खटाटोप.
शेठ म्हणाले, चिप्पा, या वयात?
मी म्हटलं, वय तसंही होऊलालंय.

तिसऱ्या महिन्यात एक अक्षर भेटलं.
डोक्यावर बारीक लाट घेतलेला न.
बाई समजावत होत्या, जीभ टाळूला सपाट लावा,
मी म्हटलं, थांबा, हा तर आमचा ञ!
च छ ज झ ञ.
गदगी मास्तरांनी छडीखाली गिरवून घेतलेला
आणि पुढं एकाही शब्दात न लागलेला.
माझे वडील मिलमध्ये बदली कामगार होते,
भोंग्याआधी गेटवर उभे राहायचे,
डबा तसाच घेऊन परत यायचे.
तसा हा.
चाळीस वर्षांनी त्याला पाळी मिळाली:
आञो, वर्ष.
माञाना, उद्या.
लाट विसरली तर वर्षाचं भलतंच होतं.
ते बाईंनी सांगितलं नाही,
मीच कोशात बघितलं आणि एकटा हसत बसलो.

नोसोत्रोस म्हणजे आम्ही, बाई म्हणाल्या.
आम्ही की आपण?
समोरचा त्यात धरायचा की वगळायचा?
दोन्हीला एकच.
हे मला आठवडाभर पचलं नाही.
आमच्या घरात मनम वेगळं, मेमु वेगळं.
बायको मेमु म्हणाली की ओळखायचं,
आज ताट आपलं आपण वाढून घ्यायचं.

मग चालू वर्तमानकाळ आला.
एस्तोय आप्रेन्दिएन्दो.
मी शिकत आहे, बाईंनी सांगितलं,
स्वच्छ, इस्त्रीचं.
मी वहीत लिहिलं, शिकूलालोय.
त्या हसल्या. हसू देत.
त्यांच्या वाक्याची घडी झालीय,
माझं अजून दोरीवर आहे.

काल साडेदहाला एलियानाबाईंचाच फोन.
तिकडं भर दुपार, इकडं नळाचा दिवस.
त्या भराभर बोलतात, स गिळतात,
आमचे लोक जसे शेवटचं अक्षर गिळतात तसे.
सहाशेतले एकशे दहा तास झाले होते,
त्यातले कामाला आले साधारण चार.
किती वर्षं शिकताय, एवढं कळलं,
कारण त्यात ञ होता.
उत्तर जुळवत होतो,
तेवढ्यात मोरीत नळ फुरफुरला,
आधी नुसती हवा, मग धार.
बायको ओरडली, ओ, पाणी!
त्यांनी विचारलं, कसला आवाज?
म्हटलं, आग्वा.
त्या थांबल्या.
त्यांच्या गावाच्या मागं वाळवंट आहे,
पाऊस काय, ढगसुद्धा वाट चुकूनच येतो म्हणे.
मी फोन नळाशी धरला.

त्या काहीतरी बोलल्या, हळू,
त्यात नोसोत्रोस होतं.
आम्ही की आपण, विचारणार होतो.
बादली भरली,
दुसरी लावायची होती.