वसुबारसेची भट्टी

परवापासून राजिवड्यात रात्र झालीच नाही.
दारात पत्र्यांची रांग,
कुणाची नानकटाई, कुणाची नुसतीच घाई.

खडूने लिहिलेली नावं
भट्टीत पुसून जातात.
मग मी वास घेते:
जायफळ सढळ, म्हणजे सुर्व्यांची ताई.
तुपाला हात आखडलेला;
त्यांचं नाव नाही सांगत.

सुरूचं लाकूड ओलं.
फळी ओढता ओढता इब्राहिम विचारतो,
"भाबी, अजून किती?"
पाव मळणारा पोरगा
कालपासून तापात.

पहाटे एक पत्रा उरला.
त्याला वासच नाही.

दहाला लिमयांची नवी सून आली, चाचरत:
"पहिल्यांदाच केलीय. जमली?"

एक मोडली.
अर्धी तिच्या हातावर, अर्धी माझ्या तोंडात.
वेलची विसरली होती.

"जमली," म्हटलं,
आणि आमच्या डब्यासाठी
चार मागून घेतल्या.